शेवटचे चार अंश

पॅनेलवर ५८ दिसत होतं. सेट पॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, ६० अंश होता, म्हणजे अजून दोन अंश बाकी, म्हणून स्टीमचा व्हॉल्व्ह उघडाच. आणि वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरखालच्या काचेत मिथेनॉल धार लागून रिॲक्टरमध्ये, म्हणजे क्रिया चालते त्या बंद भांड्यात, परत पडताना दिसत होतं. मिथेनॉल उकळतं ६४.७ अंशांना. त्या काचेत थेंब थेंब दिसलं असतं तर मी काही बोललो नसतो, पण धार? रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या बायोडिझेलच्या एका छोट्या कारखान्यातली ही गोष्ट. पॅनेल मीच बसवलेलं. तिथले जुने ऑपरेटर काका माझ्याकडे न बघता पुढे गेले, हाताने स्टीम बंद केली, रिॲक्टरभोवतीच्या पोकळ जॅकेटमध्ये गार पाणी सोडलं आणि मग म्हणाले, "साहेब, तुमचं मीटर मागून चालतंय."

खोटं बोलतंय नाही म्हणाले, मागून चालतंय म्हणाले. बायोडिझेलच्या बॅचचं तापमान सांभाळण्यातलं निम्मं शहाणपण त्या दोन शब्दांत आहे. उरलेलं निम्मं सांगायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

तेलाचा एक रेणू डोळ्यांसमोर आणा. ग्लिसरीनचा एक छोटा कणा आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या. या शेपट्यांमुळे तेल घट्ट असतं. ४० अंशांवर मोजलं तर डिझेलच्या साधारण दहापट. असं तेल इंजिनाच्या नोझलमधून नीट फवारलं जात नाही. बायोडिझेल करायचं म्हणजे त्या तीन शेपट्या कण्यावरून सोडवायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला मिथेनॉलचा एकेक रेणू बांधायचा. सुट्या झालेल्या शेपट्या म्हणजे बायोडिझेल. उरलेला कणा म्हणजे ग्लिसरीन. तो जड, म्हणून तळाला बसतो. हे काम आपोआप व्हायला फार वेळ लागतो, म्हणून कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळवून घालतात. तेलाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का पुरतं.

आपल्याकडे यासाठीचं तेल बहुतेक तळणीचं असतं. वाशीच्या मार्केटमधून ठाणे-नवी मुंबईच्या फरसाणवाल्यांकडे आणि हॉटेलांकडे गेलेलं तेल कढईत पुन्हा पुन्हा तापून काळं होतं. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा घातली: तेलात तापून तापून वाढणारे 'पोलर' घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजनाही सुरू झाली, आणि केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे. धोरणाबद्दल एवढंच. मला रस आहे तो कॅनमधलं ते काळं तेल रिॲक्टरमध्ये ओतल्यानंतर काय होतं त्यात.

कुठल्याही कारखान्यात विचारा, उत्तर एकच मिळेल: साठ अंश. ते चुकीचं नाही. तापमान वाढलं की रासायनिक क्रिया वेगाने होते. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांमागे वेग दुप्पट. शिवाय तेल पातळ होतं, आणि याला इथे फार महत्त्व आहे, कारण मिथेनॉल आणि तेल एकमेकांत विरघळत नाहीत. सुरुवातीला ते पाणी-तेलासारखे वेगवेगळेच असतात, ढवळून ढवळून त्यांची गाठ घालावी लागते. वरच्या बाजूला मात्र मिथेनॉलच्या उकळबिंदूची भिंत आहे. त्या भिंतीच्या अलीकडे जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, म्हणून साठ.

पण मग ६२ का नको, ६४ का नको? हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मालक विचारतोच. "थोडं वाढवलं तर बॅच लवकर निघेल ना?" यावर अमेरिकेत फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९८४ मध्ये छापून आला आहे. रिफाइंड सोयाबीन तेल, तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे सहा रेणू, १ टक्का कॉस्टिक सोडा. सहा मिनिटांनी मोजलं तेव्हा ६० अंशांवर ९४ टक्के, ४५ अंशांवर ८७ टक्के आणि ३२ अंशांवर ६४ टक्के रूपांतर झालेलं होतं. बरोबर तासाभराने बघितलं तर ६० आणि ४५ यांच्यात काहीच फरक उरला नव्हता, आणि ३२ ची बॅच किंचित मागे होती.

ते ३२ अंश म्हणजे आपल्याकडे एप्रिलमधल्या शेडचं साधं तापमान.

हा आकडा मालकांना दाखवला की आधी कोणी विश्वास ठेवत नाही. ते तेल चांगलं होतं आणि आपलं तळणीचं, हे खरं. पण मुद्दा बदलत नाही: बॅचला तास-दीड तास द्यायचाच असतो, मग ६० वरून ६४ वर जाऊन हातात येतं काय? जवळपास काही नाही. आणि जातं काय ते बघा. मिथेनॉलची वाफ होऊ लागते. वाफ झालेलं मिथेनॉल तेलाशी क्रिया करत नाही, ते कंडेन्सरमध्ये फिरत बसतं. कंडेन्सरचं पाणी गार असेल तर परत तरी येतं, पण मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट असतं. वर कॉस्टिकमुळे तेलाचा साबण होण्याची नको असलेली क्रियाही तापमानाबरोबर वेग घेते. आपल्याला हवी ती क्रिया साठपाशी आधीच पुरेशी वेगात असते; पुढच्या अंशांचा फायदा नको असलेल्या क्रियेलाच जास्त. कमाई नाही, धोका मात्र सगळा त्या शेवटच्या चार अंशांत.

धोका हा शब्द मी सहज वापरत नाही. मिथेनॉल ११-१२ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. २०१५ मध्ये मालाड-मालवणीत ज्या दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. म्हणून घरी गॅसवर बायोडिझेल करून बघायचे जे व्हिडिओ फिरतात, ते बघून कोणी पातेलं काढू नये.

आता 'साठ' या आकड्याबद्दलची दुसरी गैरसमजूत. बॅच म्हणजे एकच तापमान नसतं, तापमानाचा प्रवास असतो. तळणीच्या तेलात पाणी असतं. वडा तळताना त्यातलंच उतरलेलं, किंवा कॅन पावसात उघडा राहिला म्हणून आलेलं. पाणी राहिलं तर तेल फुटून मोकळी फॅटी ॲसिडं तयार होतात आणि त्यांचा कॉस्टिकबरोबर साबण होतो. म्हणून आधी तेल १०५-११० अंशांपर्यंत तापवून पाणी उडवायचं, किंवा व्हॅक्यूम असेल तर त्याहून बऱ्याच कमी तापमानात. मग खाली यायचं. हे खाली येणं लोकांना कंटाळवाणं वाटतं. हजार किलो तेल ११० वरून ६० वर आणायला जॅकेटमध्ये गार पाणी फिरवत थांबावं लागतं, शिफ्ट संपत आलेली असते, आणि "ऐंशी झालंय, चालेल" असं कोणीतरी म्हणतं. चालत नाही. ऐंशी अंशांच्या तेलात मिथेनॉल पडलं की ते मिसळायच्या आधीच उसळतं. त्यामुळे आता मी पॅनेलमध्येच अडसर घालतो: तेल ६० च्या खाली आल्याशिवाय मिथेनॉलचा पंप सुरूच होत नाही. ऑपरेटर मला शिव्या देतात. देऊ देत.

तेलात मोकळी फॅटी ॲसिडं एक-दोन टक्क्यांच्या वर असतील तर मध्ये आणखी एक मुक्काम येतो, थोड्या सल्फ्युरिक ॲसिडबरोबर मिथेनॉल घालून त्या ॲसिडांचंही आधी बायोडिझेल करून घ्यायचा. त्या क्रियेत पाणी तयार होतं, ते पुन्हा काढावं लागतं. तापमान तिथेही साठच्याच आसपास.

मग मुख्य क्रिया, आणि तिथेच माझं पॅनेल फसलं होतं. आकडे मांडून बघू. हजार किलो तेल, ६० अंशांवर तयार. एक किलो तेल एक अंशाने तापवायला साधारण २ किलोज्यूल उष्णता लागते. सहाच्या प्रमाणाने मिथेनॉल होतं सुमारे २२० किलो, आणि ते येतं बाहेरच्या टाकीतून, ३० अंशांवर. मिथेनॉलला किलोमागे अंशाला अडीच किलोज्यूल. दोन्ही मिसळले की तापमान ५३-५४ वर येऊन थांबतं. क्रियेची स्वतःची उष्णता नगण्य असते, ती मदतीला येत नाही.

कंट्रोलरला हे 'मिसळणं' कळत नाही. त्याला दिसतं एवढंच, की ६० हवं होतं आणि आकडा घसरतोय. तो स्टीम पूर्ण उघडतो. बहुतेक कंट्रोलर ज्या पीआयडी पद्धतीने चालतात तिच्यात तीन विचार असतात: आत्ता किती चुकलंय, कधीपासून चुकतंय, आणि किती वेगाने बदलतंय. मधला विचार मनात साठवून ठेवणाऱ्या माणसासारखा असतो. मिथेनॉल पडत असताना पंधरा मिनिटं तापमान खाली राहिलं, तर तो ती पंधरा मिनिटं धरून ठेवतो, आणि आकडा ६० च्या जवळ आला तरी त्याचा राग निवळत नाही. व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

बरं, शेवटी व्हॉल्व्ह बंद झाला तरी गोष्ट संपत नाही. घरी पोळ्या करणाऱ्याला हे माहीत असतं. तवा तापलेला असला की गॅस बारीक केल्यावरही पुढची पोळी करपते, कारण उष्णता ज्योतीत नाही, लोखंडात साठलेली असते. रिॲक्टरच्या जॅकेटचं तसंच. स्टीम बंद केली त्या क्षणी समजा जॅकेटचं २०० किलो पोलाद १०० अंशांवर आहे आणि तळाशी ५० लिटर तितकंच गरम पाणी अडकलेलं आहे, कारण वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप नीट काम करत नाही (हे अगदी नेहमीचं). पोलाद ६० पर्यंत उतरताना साधारण ४,००० किलोज्यूल आत सोडेल, पाणी ८,४००. आपल्या मालाला एक अंश चढायला लागतात सुमारे २,५५०. म्हणजे बाहेर वाया जाणारी उष्णता सोडली तर व्हॉल्व्ह बंद केल्यावरही तापमान जवळपास पाच अंश चढत राहणार. साठाला बंद केलंत, तर थेट मिथेनॉलच्या उकळबिंदूवर.

आता काकांचं "मागून चालतंय" लक्षात येईल. तापमान मोजणारी कांडी, म्हणजे पीटी-१०० सेन्सर, थेट तेलात नसते. ती एका बंद तळाच्या नळीत असते आणि ती नळी तेलात बुडलेली असते. शॉपफ्लोअरवर तिला थर्मोवेल म्हणतात. आमच्या नळीत सेन्सर सैल बसला होता आणि भोवती होती नुसती हवा. हवा म्हणजे उत्तम रजई. तेल तापलं की आधी नळी तापणार, मग हवा, मग सेन्सर. ही दिरंगाई तिथे सहा मिनिटांच्या आसपास होती. पूर्ण स्टीमवर माल मिनिटाला साधारण एका अंशाने चढत होता. म्हणजे पॅनेल पाच-सहा अंश मागचं दाखवत होतं. खालच्या सॅम्पल कॉकमधून स्टीलच्या मगात थोडा माल घेऊन हातातल्या प्रोबने बघितलं: ६४. सेन्सर बिघडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी स्थिर तापमानाला तपासला तर अचूक निघाला. तो जुनी बातमी खरी खरी सांगत होता.

इलाज म्हणाल तर हसाल. नळीत थर्मिक तेलाचे, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाचे, दोन चमचे ओतले आणि कांडी तळाला टेकेपर्यंत आत ढकलून स्प्रिंगने दाबली. सहा मिनिटांची दिरंगाई दीड मिनिटावर आली. त्याआधी मी पीआयडीचे आकडे बदलण्यात अख्खा शनिवार घालवला होता, आणि त्या शनिवारचं मला आजही वाईट वाटतं. मागची बातमी ऐकून निर्णय घेणाऱ्याला कितीही हुशार केलंत तरी तो मागचाच निर्णय घेणार.

यानंतर आम्ही आणखी दोन बदल केले. पहिला म्हणजे जॅकेटमध्ये थेट स्टीम सोडणं बंद. स्टीमने बाहेरच्या टाकीतलं पाणी तापवायचं आणि ते ७०-७५ अंशांचं पाणी जॅकेटमधून फिरवायचं. ३ बारची स्टीम १४० अंशांच्या वर असते. ६० वर माल सांभाळायला १४० चा तवा कशाला? गरम पाण्याने माल सावकाश चढतो, हे मालकांना पटायला वेळ लागला. पण ७५ च्या जॅकेटमध्ये साठलेली उष्णता इतकी कमी असते की चुकलं तरी एक-दोन अंशच चुकतं. दुसरा बदल कंट्रोलरमध्ये. एकाऐवजी दोन, मुकादम आणि हेल्पर. मुकादम मालाचं तापमान बघतो आणि हेल्परला सांगतो, "जॅकेट ६८ ठेव." हेल्पर फक्त जॅकेटकडे बघून व्हॉल्व्ह फिरवतो. स्टीमचा दाब खालीवर झाला तर हेल्पर तिथल्या तिथे निस्तरतो, मालापर्यंत धक्का पोचतच नाही. याला कॅस्केड म्हणतात. आणि मिथेनॉल पडत असताना मुकादमाला चक्क रजा: व्हॉल्व्ह ठरलेल्या जागी अडकवून ठेवायचा, सगळं मिथेनॉल जाऊन पाच मिनिटं नीट ढवळलं की मग कंट्रोल परत चालू. तापमान ५४ पर्यंत पडलं तर पडू दे. ४५ ला सुद्धा तासाभरात काम होतं, हे वर पाहिलंच.

ढवळण्याचंही बघायला हवं. पंखा मंद असेल तर 'मालाचं तापमान' असं काही नसतंच. जॅकेटजवळ ७०, मध्ये ५५ आणि सेन्सर जिथे असेल तिथला आकडा. तापमानाची तक्रार घेऊन मला बोलावतात तेव्हा मी आता आधी ॲजिटेटरचा बेल्ट बघतो.

क्रिया झाली की माल स्थिर ठेवायचा, ग्लिसरीन खाली बसू द्यायचं. इथे घाईने गार करू नये. कॉस्टिक सोड्याने केलेल्या बॅचचं ग्लिसरीन साबणासकट गार झालं की गोठून तळाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतं. जानेवारीत ठाण्याला पहाटे १७-१८ अंश असतात, तेवढ्यातही हे होतं. वनस्पती तूप मिसळलेलं तेल तर कॅनमध्येच पांढरं होऊन बसलेलं असतं. ५० च्या आसपास ऊब ठेवली की ग्लिसरीन गुमान उतरतं.

पुढची चूक मी दोन ठिकाणी बघितली आहे, आणि दोन्ही ठिकाणी लोक हुशार होते. उरलेलं मिथेनॉल महाग, ते परत मिळवायचं. मग ग्लिसरीन काढण्याआधीच रिॲक्टर तापवून मिथेनॉल उडवायला घेतलं. पण ही क्रिया उलटही चालते. कॉस्टिक अजून आत आहे, ग्लिसरीन आत आहे, आणि तुम्ही मिथेनॉल काढत आहात. बायोडिझेलच्या शेपट्या परत ग्लिसरीनच्या कण्याला चिकटू लागतात. उष्णता देऊन देऊन सकाळची कमाई संध्याकाळी उलटी. आधी ग्लिसरीन वेगळं करायचं, मिथेनॉल त्यानंतर.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पारसिकच्या डोंगराखालच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. कॉस्टिकच्या फ्लेक्सची गोणी तासभर उघडी राहिली की चिकट होते, मिथेनॉलही हवेतलं पाणी ओढतं. मग साबण वाढतो, थर वेगळे व्हायला रात्र लागते, आणि दोष तापमानावर येतो. "साहेब, साठला ठेवलं तरी फाटत नाहीये." ते साठचं काम नव्हतंच. आणि कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळताना स्वतःच गरम होतं, त्या ड्रमचं तापमान मात्र कोणी बघत नाही. ते हळूहळू घालायचं, झाकण लावून, गार पाण्याच्या वेढ्यात.

बॅच झाली की नाही हे शेडमध्येच बघायची एक सोपी चाचणी आहे: २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल टाकायचं आणि हलवायचं. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, न बदललेलं तेल विरघळत नाही, ते तळाला थेंब होऊन बसतं. ही चाचणी २०-२२ अंशांवर करायची असते. मिथेनॉल कोमट असलं तर थोडं कच्चं तेलही पोटात घेतं आणि बाटली स्वच्छ दिसते. मे महिन्यात ३४ अंशांच्या शेडमध्ये पास झालेला माल प्रयोगशाळेतून नापास होऊन येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. त्या कारखान्यात एसी एकाच जागी आहे, मालकाच्या केबिनमध्ये. काका आता दर बॅचला एक बाटली घट्ट बूच लावून टेबलाच्या कोपऱ्यावर, कॅल्क्युलेटरच्या शेजारी ठेवतात, अर्धा तास थांबतात, आणि मग ती उजेडाला धरून तळ बघतात.